गावच्या स्पर्धेतला माईक ते टीव्हीची कॉमेंटरी, वाट हाय काय? (टोनी ग्रेग बघून डोकं फिरलंय)

खानापूर_माईक

नमस्कार मंडळी, मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला, वय २३, बीकॉम झालंय आणि सध्या चुलत्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतोय. गेली चार वर्षं आमच्या भागातल्या टेनिस बॉल स्पर्धांत माईक माझ्याकडंच असतोय, पहिल्यांदा कोण नव्हतं म्हणून धरला, मग कमिटीवालेच म्हणायला लागले त्या पोराला बोलवा, आता नंदगड, कडोली, हलगा, एकदा तर पार चंदगडला जाऊन आलोय. दिवसाला आठशे-हजार मिळतात, दुपारचं जेवण, आणि फायनलला शाल. घरात सात शाली झाल्यात, आई म्हणती आता एकदा कांबळं द्या म्हणावं.

तर गेल्या महिन्यात यूट्यूबवर शारजाची १९९८ ची हायलाइट बघत बसलो, सचिनची ऑस्ट्रेलियाविरुद्धची वादळवाली मॅच. मॅच माहीत होती पण कॉमेंटरी कान देऊन कधी ऐकली नव्हती. तो टोनी ग्रेग काय बोलतोय हो, अर्धं इंग्लिश डोक्यावरनं गेलं तरी रात्री दोनला मी खोलीत उभा राहिलो होतो. तेव्हापासून ठरवलंय की हेच करायचं.

आता अडचण अशी हाय की मी कधी मोठं क्रिकेट खेळलेलो नाही, तालुक्याच्या पुढं गेलो नाही, आणि टीव्हीवर बघावं तर सगळे माजी खेळाडू. दुसरं म्हणजे मराठीत करू की कन्नडमध्ये? शाळा मराठी, बाजार कन्नड, दोन्ही सारखंच येतंय, पण माझी मराठी आपल्याकडची, पुण्यातल्या पाहुण्यांना हसू येतंय. तिसरं म्हणजे जोश. मी पहिल्या ओव्हरपासून फुल आवाजात असतोय, लोकांना आवडतंय पण चार वाजेपर्यंत घसा बसतोय आणि फायनल संध्याकाळी असती. एका चॅनेलला व्हिडिओ पाठवला होता, सगळ्या सिक्स जोडून दोन मिनिटांचा, उत्तर आलं नाही. आणि एक ऑनलाइन कोर्सवाला पंचवीस हजार मागालाय, सर्टिफिकेट देतो म्हणतोय. भरू काय?

गणपतगल्ली_कट्टा

पंचवीस हजारात नवीन ॲम्प्लिफायर आणि दोन भोंगे येतील, भाड्यानं दे, कॉमेंटेटरपेक्षा जास्त कमवशील. दुकान सोडू नकोस एवढंच सांगतो.

टिळकवाडी_काका

बाळ, कोर्सला पैसे भरू नकोस. बाकीचं जरा सविस्तर सांगतो, रिटायर माणूस आहे, वेळ भरपूर.

तू ग्रेगला शारजापासनं ओळखतोस, आम्ही त्याला शिव्या देत ओळखायला सुरुवात केली. तो इंग्लंडकडनं खेळायचा, जन्म साउथ आफ्रिकेतला, उंची साडेसहा फूट, रेडिओवर त्याचं नाव आलं की आमचे वडील 'तो ताडमाड' म्हणायचे. १९७३ ला मुंबईत ब्रेबोर्नवर आपल्या कर्नाटकच्या विश्वनाथनं शतक काढलं, आणि हा विरुद्ध टीमचा माणूस येऊन त्या एवढ्याशा विश्वनाथला तान्ह्या पोरासारखं उचलून झोके द्यायला लागला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्या दिवसापासनं शिव्या बंद. नंतर ७६-७७ ला तो कॅप्टन म्हणून आला आणि सिरीज ३-१ नं जिंकून गेला, कलकत्त्याला तर अंगात ताप घेऊन शतक काढलं, तरीपण पब्लिक त्याच्यावर खूश. मैदानात फटाका वाजला की गोळी लागल्यासारखा आडवा पडायचा. एवढं हरवून गेलेल्या माणसावर एवढी माया मी दुसऱ्या कुणावर बघितलेली नाही.

हे का सांगतोय, तर माईक हातात यायच्या आधीच हा माणूस लोकांशी बोलत होता, फक्त तोंडानं नव्हे. मग १९७७ ला कॅरी पॅकर या ऑस्ट्रेलियन टीव्हीवाल्यानं बोर्डांना बाजूला सारून स्वतःचं क्रिकेट काढलं, त्या बंडात तो पुढं होता, खेळाडू गोळा करून दिले, त्यात इंग्लंडची कॅप्टनशिप गेली. पॅकरचा चॅनेल नाईन, तिथं तो माईकवर बसला आणि २०१२ च्या डिसेंबरला गेला तोपर्यंत जवळपास तिथंच. रंगीत कपडे, पांढरा बॉल, लाइटखालची मॅच, आज आपल्याला हे सगळं साधं वाटतं, तेव्हा हे लोकांच्या गळी उतरवायचं होतं आणि त्याला बोलका माणूस पाहिजे होता. पिच रिपोर्टला मोठी हॅट घालून जायचा आणि भेगेत गाडीची किल्ली खुपसून दाखवायचा. सांगण्यापेक्षा दाखवणं.

पण खरी गोष्ट पुढं आहे. त्याच बॉक्समध्ये रिची बेनो बसायचे, ते एक वाक्य बोलले की पुढची दोन मिनिटं गप्प. आणि बिल लॉरी, त्याच्याशी ग्रेगची कायम तूतू-मैंमैं. म्हणजे ग्रेगचा जोश एकट्याचा नव्हता, एका बाजूला शांत माणूस, दुसऱ्या बाजूला भांडायला माणूस, मधे हा. तुझ्या टेबलावर दुसरं कोण बसतंय?

आणि शारजा. तू हायलाइट बघितलीस ना? हायलाइट म्हणजे सात-आठ तासांतले फक्त कडकडाट कापून जोडलेले. त्यात कॉमेंटेटर सतत वरच्या पट्टीतच ऐकू येणार. तू ते बघून शिकलास म्हणून पहिल्या ओव्हरपासनं ओरडतोयस, तुझा घसा बसणार नाही तर काय. २२ एप्रिलच्या त्या मॅचमध्ये आपण हरलो होतो, माहीत आहे ना? वादळानंतर ४६ ओव्हरमध्ये २७६ पाहिजे होते, आपण २५० केले. पण फायनलला जायला २३७ पुरेसे होते. सचिन १४३ वर गेला. मग २४ ला, त्याच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, १३४ आणि कप. तर पहिल्या दिवशी कॉमेंटेटरपुढं दोन हिशोब होते, २३७ चा आणि २७६ चा. घरी बसलेल्याला दोन्ही समजावत न्यायचे आणि शिवाय मार चाललेला. पुढच्या वेळी अख्खी इनिंग बघ, डोळे मिटून.

आखाडा_आणि_हलगी

काकांनी बरोबर सांगितलं. मी क्रिकेटवाला नव्हं, कुस्तीतला. आमचे थोरले बंधू मैदानात निवेदन करत्यात, मी हलगी वाजवतोय, येळ्ळूर, कंगराळी, आनंदवाडी, पलीकडं कोल्हापूर जिल्ह्यात बी जातोय, त्यामुळं तुझ्या धंद्याला मी पाठीमागनं बघतोय म्हण.

कुस्तीत काय असतंय, मोठी जोड लागली की पहिली दहा-पंधरा मिनिटं नुसती खडाखडी, हात लावतोय काढतोय, बाहेर बसलेल्याला वाटतंय काय चाललंय हे. तिथं निवेदकाची परीक्षा. कडकडीत डाव बसला की कुणीबी ओरडतंय रे, त्याला निवेदक कशाला. खडाखडीत आमचे बंधू सांगत्यात, हा पैलवान कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, बापानं म्हैस विकून खुराक कसा दिला, मागच्या वर्षी याच मैदानात खांदा उतरला होता, सगळं. कन्नड गावचा पैलवान असला की हेच कन्नडमध्ये. एवढं सांगायला आदल्या दिवशी फोन करून वहीत लिहून ठेवत्यात. लोकांना वाटतंय तोंडपाठ हाय.

आणि एक बारकी गोष्ट सांगतो. ढाक, एकचाक असले डाव लागायच्या आधी, जो जाणकार असतोय त्याला पैलवानाच्या पायावरनं कळतंय. त्या वेळेला बंधू माईक तोंडापासनं बाजूला घेत्यात आणि मला नुसतं बोटानं खूण करत्यात, मी हलगी मंद करतोय. अख्खं मैदान आपोआप गप्प. मग चितपट झाली की आवाज आणि हलगी एकदम. पब्लिकला वाटतंय कुस्ती रंगली. कुस्ती रंगलीच की, पण तेवढी तीन सेकंद गप्प बसलो म्हणून जास्त रंगली.

तू सिक्स जायच्या आधीच सिक्स म्हणतोस काय? कडोलीला ऐकलंय मी तुला बहुतेक. लाँगऑनवर कॅच झाला होता.

खानापूर_माईक

होय दादा तो मीच 😔 बॉल उडाला की तोंडातनं जातंयच.

निपाणीची_शिक्षिका

भावा, घशाबद्दल मी सांगते, शाळेत रोज सहा तास बोलते आणि गॅदरिंगला माईक पण माझ्याच गळ्यात. ओरडून आवाज मोठा होत नाही, भोंग्यातनं तर अजिबात नाही. ॲम्प्लिफायरला झेपतो त्यापेक्षा जास्त आवाज आत गेला की बाहेर फाटकं येतं, लोकांना आवाज मोठा लागतो पण शब्द कळत नाहीत. माईक तोंडापासून तीन-चार बोटं लांब धर, सिक्सला आणखी लांब कर, आणि आवाज वाढवायचा तर मशीनवाल्याला सांग. कोमट पाणी जवळ ठेव. कोल्ड्रिंक कमिटीनं दिलं तरी घेऊ नकोस. आणि तपकिरीच्या वासाच्या गावातली आहे मी, तंबाखूचं काय करायचं ते तुला कळलं असेल.

दुसरं, थोडं रागानं लिहितेय. आमच्या इथं एका स्पर्धेत माईकवाला प्रेक्षकांतल्या मुलींवर, छत्रीवाल्या काकूंवर जोक मारत होता, आणि एका बारीक पोराला प्रत्येक बॉलला 'काडी' म्हणत होता. लोक हसत होते म्हणून त्याला वाटलं जमतंय. माझी पुतणी तिथनं उठून आली. जोशात बोलणारा आणि वाट्टेल ते बोलणारा यात फरक आहे, तू करत असशीलच असं नाही पण सांगून ठेवते. आणि बायका कॉमेंटरी करत नाहीत असं पण कुणी म्हणू नका इथं, सी. के. नायडूंच्या कन्या चंद्रा नायडू यांनी ७० च्या दशकातच माईक धरला होता.

हुबळी_पॅसेंजर

मी मुंबईत तीन सीझन आकडे पुरवायच्या टीममध्ये काम केलंय, नाव घेत नाही, प्रादेशिक भाषांच्या फीडला, म्हणजे त्या त्या भाषेतल्या प्रक्षेपणाला. म्हणून आतलं थोडं सांगतो, लांबेल, माफ करा.

पहिला गैरसमज म्हणजे हे लोक स्टेडियमवर असतात. नसतात. भाषांच्या फीडची कॉमेंटरी बहुतेक वेळा स्टुडिओत बसून होते, समोर मॉनिटर, कानात हेडफोन, हेडफोनमध्ये मैदानाचा आवाज आणि वर प्रोड्युसर बोलतोय. तुम्ही वाक्याच्या मधे असता आणि कानात आकडा येतो 'पाच, चार, तीन', कारण ओव्हर संपली की ॲड. वाक्य तिथंच गोड करून संपवायचं. गावच्या मैदानात तुझ्या वाक्याला कुणी कापत नाही, टीव्हीवर रोज कापतात. ही सवय घरी लावता येते, मॅच म्यूट कर, बोल, आणि भावाला सांग मधेच टाळी वाजव, टाळीला वाक्य संपलं पाहिजे.

दुसरं, चित्र लोकांना दिसतंय. रेडिओवर 'उजव्या हातानं ऑफला ढकलला' सांगावं लागतं, टीव्हीवर तेच सांगितलं तर रिमोटकडं हात जातो. मैदानातला माईक या दोन्हीच्या मधला, कारण लांब बसलेल्याला बॅट्समन कोण तेच दिसत नाही. म्हणजे तुझी सवय अर्धी कामाची, अर्धी मोडावी लागेल.

आता माजी खेळाडूंचं. दोन किंवा तीन खुर्च्या असतात. एक एक्स्पर्टची, ती खेळाडूंचीच, तिथं आपला नंबर नाही आणि नसावा. दुसरी खुर्ची बॉल टू बॉल चालवणाऱ्याची, स्कोर सांगणं, एक्स्पर्टला प्रश्न विचारणं, ॲडला नेणं, आणणं. तिथं न खेळलेले लोक येतात. हर्षा भोगले बघ, हैदराबादचा मराठी माणूस, केमिकल इंजिनिअर, आयआयएम, सुरुवात आकाशवाणीवर एकोणीस वर्षांचा असताना. बाहेरचं उदाहरण पाहिजे तर मरे वॉकर, फॉर्म्युला वनचा, त्याच्यापेक्षा जोरात बोलणारा सापडायचा नाही. हा माणूस ॲडव्हर्टायझिंगमध्ये नोकरी करत करत शनिवार-रविवार कॉमेंटरी करायचा, नोकरी सोडली पंचावन्नच्या पुढं, आणि शेवटची रेस २००१ ला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. चुकायचा पण भरपूर, आणि चुकलो असं ऑन एअर त्याच जोशात सांगायचा, म्हणून लोकांना आवडायचा. कडोलीचा कॅच तू कसा निभावलास?

मराठी की कन्नड, यावर मला वाटतं तू उलटा विचार करतोयस. २०२३ ला आयपीएल जिओ सिनेमावर १२ भाषांत गेली, मराठी होती, कन्नड होती, भोजपुरी तर सगळ्यात गाजली. एवढ्या भाषा म्हणजे एवढी माणसं. त्याच सीझनला केदार जाधव मराठी कॉमेंटरी करत होता आणि मधेच आरसीबीनं त्याला टीममध्ये घेतलं, खुर्ची रिकामी! तर एका मॅचला मराठी आणि दुसऱ्या मॅचला कन्नड बसू शकणारा माणूस ही बेळगाव भागाची फुकटची कमाई आहे, पुण्यातल्याला आणि बेंगळुरातल्याला ते जमत नाही. कबड्डी पण विसरू नकोस, प्रो कबड्डी २०१४ पासून आहे, रेड तीस सेकंदांची, तिथं तुझा वेग चालेल.

पैशाचं खरं सांगतो, काम सीझनचं, दिवसावर पैसे. दोन महिने श्वास घ्यायला वेळ नाही आणि मग चार महिने फोन वाजत नाही. दुकान ठेव.

आणि तो दोन मिनिटांचा सिक्सचा व्हिडिओ कुणाला पाठवू नकोस. सलग चार ओव्हर पाठव, न कापता, त्यातली एक तरी मेडन, म्हणजे एकपण रन नसलेली ओव्हर, असू दे. निवडणाऱ्याला सिक्स बघायची नसते, काही घडत नसताना तू काय करतोस ते बघायचं असतं.

गणपतगल्ली_कट्टा

टेनिस बॉलमध्ये मेडन कुठनं आणायची, सांगा की. आमच्याकडं मेडन पडली तर बॅट्समनला गावात घेत नाहीत.

हुबळी_पॅसेंजर

😂 बरं, तीन रनची ओव्हर चालेल.

टिळकवाडी_काका

भाषेचं राहिलं. आम्ही रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं समालोचन ऐकत वाढलो, साधी सोपी मराठी, कुठं अवघडलेली नाही, क्रिकेट न कळणारी माझी आजी पण ऐकायची. तुझी 'बघा की' आणि 'हाय की' जाऊ देऊ नकोस. उच्चार साफ ठेव, 'ळ'चा 'ल' करू नकोस, नावं नीट म्हण. पण पुण्याची नक्कल करायला गेलास तर ना इथला राहशील ना तिथला. रवी शास्त्री बघ, वाक्यं ठरलेली म्हणून पोरं मीम करतात, पण २००७ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपचा शेवटचा कॅच आणि २०११ च्या वर्ल्ड कपचा धोनीचा सिक्स, दोन्हीला माईक त्याच्याच हातात, आणि लोकांना ते शब्द पाठ आहेत. का? सिक्स गेल्यावर मोजकीच वाक्यं, आणि मग स्टेडियमला बोलू दिलं.

आणि युवराजनं २००७ ला एका ओव्हरमध्ये सहा सिक्स मारले तेव्हा पण शास्त्रीच बोलत होता, त्यानं स्वतः १९८५ ला बडोद्याविरुद्ध रणजीत सहा मारले होते. असा योग तुला येणार नाही, मान्य. पण रोनित मोरे बेळगावचाच आहे, कर्नाटकाकडनं रणजी खेळला, अशी आपल्या भागातली माणसं तुझ्या वहीत लिहिलेली पाहिजेत. नाव आल्यावर गुगल करायचं नाही.

आखाडा_आणि_हलगी

वही कर रे भावा. बाकी सगळं विसरलास तरी चालंल.

खानापूर_माईक

सगळ्यांना थँक्यू, वही केली, दुकानाचीच जुनी उधारीची वही, मागच्या बाजूनं. रविवारी सेमीफायनल होती त्यात करून बघितलं, म्हणून तीन आठवड्यांनी लिहायलोय.

सकाळी सगळ्या टीमच्या कॅप्टनना भेटून लिहून घेतलं, कोण काय करतो, एक जण एसटीत कंडक्टर, एक सकाळी दूध घालून आलेला, एक जण आर्मीतनं सुट्टीवर, परवा परत चाललेला. हे सांगायला लागलो तर पब्लिक वळून वळून बघायला लागलं, कंडक्टर बॅटिंगला आला की 'तिकीट तिकीट' सुरू. शेजारी मित्राला बसवला, तो कमी बोलतोय, म्हणून काकांचा बेनो झाला. घसा चारपर्यंत टिकला ताई, माईक लांब धरून खरंच फरक पडला. मध्येच एक ओव्हर कन्नडमध्ये केली, बैलहोंगलची टीम आली होती, त्यांच्यातला एक म्हातारा टेबलाजवळ येऊन चहा ठेवून गेला.

मग शेवटची ओव्हर. शेवटच्या बॉलला चार पाहिजेत, तोच आर्मीवाला स्ट्राइकवर. म्हटलं आता हलगीवाल्या दादांचं करू. माईक बाजूला घेतला, मित्राला खूण केली, गप्प. मैदान खरंच गप्प झालं हो, आंब्याच्या झाडावरचे कावळे ऐकू आले. बॉलर धावायला लागला आणि कमिटीचे मामा पळत टेबलाजवळ, 'माईक गेला काय रे, वायर सुटली काय' करत खाली वाकून वायर हिसकायला लागले. बॉल उडाला, लाँगऑनचा पोरगा मागं मागं चाललाय, आणि मी घाबरून माईक तोंडाला लावला आणि अख्ख्या मैदानावर, दोन्ही भोंग्यांतनं, "ओ मामा वायर सोडा की!"

सिक्स होता. मी सांगितलाच नाही.

टिळकवाडी_काका

रेकॉर्डिंग आहे काय? पाठव.

आखाडा_आणि_हलगी

मामाला पुढच्या वेळी शाल घाला.